दाराबाहेरचा चहा

मामाजी,

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, मांडव सुटला, भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या. आज सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून विलास नुसताच गल्ल्यामागे बसला आहे. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायचंही त्याला सुचत नाही. मी आत स्वयंपाकघरात बाळंतशेपा निवडते आहे. हे काम या घरात तुमचं होतं. तुमच्यासारखं मला जमत नाही, काड्या राहतात. पण आपली मुक्ता बाळंतीण आहे, तिचा चहा चुकवून चालणार नाही, म्हणून सूप घेऊन बसले आहे आणि हात चालू असताना तुमच्याशी बोलते आहे. समोर होतात तेव्हा आपण दोघं फार कमी बोललो. सासऱ्याने आणि सुनेने जेवढं बोलायचं असतं तेवढंच बोललो, आणि त्यातलंही निम्मं तुमच्या मुलाच्या, विलासच्या तोंडून.

चहा म्हणजे चहा नव्हेच. त्यात चहापत्तीचा कण नसतो. शेपा, जिरं, सुंठेचा तुकडा, चिमूटभर शतावरी आणि वरून गूळ. पण दूध यावं म्हणून काढा केला आहे, हे सुनेला सांगणं तुमच्या जिभेला शक्य नव्हतं. म्हणून तुम्ही पडद्याबाहेरच्या स्टुलावर ग्लास ठेवायचे, खाकरायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, चाय ठेवला." दूध हा शब्द गवळ्याशी भांडताना तुम्ही हजारदा वापरला असेल. माझ्या बाबतीत एकदाही नाही. "पोट्टीचं भागते का?" एवढंच विचारायचे, तेही दाराच्या चौकटीकडे बघून. चौकट काही बोलायची नाही आणि मीही नाही. मी ग्लास रिकामा करून बाहेर ठेवायचे, तेच माझं उत्तर असायचं.

मुक्ताच्या जन्माच्या वेळची ती गोष्ट आज कोणाला खरी वाटत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती. रोहण्याच्या घरात उरले होते एकटे बाबा. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "कायले जातं तिकडं? मी हाये ना." त्यांच्या भरवशावर मी इथे राहिले. आणि मला नववा लागलेला असताना, एका दुपारी तूर निवडता निवडता त्या सुपावरच कलल्या. पाणी मागायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. त्यांचं सुतक फिटायच्या आत मुक्ता झाली.

आर्वीच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा बैठकीत सासूबाईंच्या फोटोपुढे दिवा जळत होता आणि आतल्या खोलीत माझी खाट टाकलेली होती. बाहेर बायका रडायच्या, आत पोर रडायची. मला दूध येत होतं ते तिला पुरत नव्हतं. ओढून ओढून ती दमायची, तोंड सोडायची आणि लालबुंद होऊन टाहो फोडायची. दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा अंगाला लाव, येईल. मी लावत होते. पुढच्या खेपेला वजन भरलं नाही तर वरचं दूध सुरू करावं लागेल, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. आज मला ते तेवढं भयंकर वाटत नाही. तेव्हा मात्र वाटायचं, आपल्याकडे द्यायला एकच गोष्ट आहे आणि तीही आपल्याला देता येत नाही.

घरात करणारं कोणी नव्हतं. विलासला साधा चहा येत नव्हता. तुमची मुलगी सुशीला, आई गेल्यापासून तोंडावर पांघरूण घेऊन पडली होती. मोठ्या आत्या, तुमची थोरली बहीण, आल्या होत्या, पण त्यांचा सगळा जीव सुतकाचे नियम सांभाळण्यात. राहिले तुम्ही.

तुम्ही दुकानदार. बाळंतिणीची पुडी बांधण्यात तळेगावात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणी पुडी मागितली की तुम्ही बरण्यांपुढून एक फेरी मारायचे आणि सगळा माल एका मोठ्या कागदात बांधून द्यायचे. घरी गेल्यावर त्या पुडीचं पुढे काय होतं, हे मात्र तुम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही आणि तिथलं बोलणं बैठकीत येत नाही. तेव्हा तुम्ही दुकानातून पुडी आणली, सोडली आणि सगळीच्या सगळी पातेल्यात ओतून उकळायला ठेवली.

त्यात शेपा होता, सुंठ होती, शतावरी होती. आणि त्याच पुडीत धुरीचा माल होता: वावडिंग, गुग्गुळ, धुपाचे खडे. निखाऱ्यावर टाकून बाळ-बाळंतिणीला ज्याची धुरी द्यायची, तो. थोड्याच वेळात घरभर देवळाचा वास सुटला. मोठ्या आत्यांना वाटलं, फोटोपुढे कोणीतरी धूप लावला. त्यांनी बसल्या जागी हात जोडले.

"सूनबाई, चाय ठेवला."

मी एक घोट घेतला. मामाजी, त्या घोटाने टाळूला जे काही चिकटलं ते संध्याकाळपर्यंत निघालं नाही. ग्लास मी तसाच बाहेर ठेवला. तुम्ही आलात, भरलेला ग्लास पाहिलात, उचलून वास घेतलात आणि मग स्वतः एक घोट घेऊन पाहिलात. पडद्याच्या फटीतून मला तुमचं तोंड दिसत होतं. सासूबाई गेल्यापासून मी हसले नव्हते, ती उशीत तोंड घालून टाके दुखेपर्यंत हसले. तुम्हाला वाटलं मी रडते आहे. तुम्ही ग्लास घेऊन निघून गेलात आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून पातेलं घासल्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कोणाला सुचलंच नसतं. घरी बसायला येणाऱ्या बायकांना तुम्ही विचारायला लागलात. शेजारच्या कमलाबाई सासूबाईंच्या आठवणी काढून रडत होत्या. तुम्ही खाली मान घालून त्यांचं ऐकलंत, लोकलाजेपुरतं थांबलात, आणि म्हणालात, "कमलाबाई, अळीव कितीक वेळ भिजू द्या लागते?"

कमलाबाईंचा पदर डोळ्यापाशीच राहिला.

"काय म्हणता?"

"अळीव. पोट्टीच्या मायसाठी."

"दोन तास बस झाले. नारळाच्या पाण्यात भिजवा. अन गूळ दूध उतरवल्यावर टाका, पैले टाकान तं नासते."

"बरं."

"अन घोटत राहा, भाऊजी. नाई तं बुडाले लागते."

एवढं सांगून झाल्यावर कमलाबाईंना पुन्हा रडू आलं. दुसऱ्या दिवशी आणखी कोणी आलं. एक म्हणाली मेथी द्या, दुसरी म्हणाली मेथीनं पोराचं पोट दुखते. तिसरीने लसणाची चटणी आणि शेपूची भाजी सांगितली. ज्वारीच्या भाकरीवरून तर फोटोपुढेच दोघींची जुंपली. सासूबाईंना बसायला आलेल्या बायका निम्मा वेळ माझ्या जेवणाचं ठरवत होत्या. आणि मला वाटतं सासूबाईंना ते रडारडीपेक्षा जास्त आवडलं असतं.

मला मात्र आवडलं नाही. खाटेवर पडून मी एकेक शब्द ऐकत होते. माझ्या अंगावरच्या दुधाची गोष्ट बैठकीत चालली आहे, हे ऐकून कानाच्या पाळ्या तापायच्या. पुढे कितीतरी दिवस, बाजाराला गेले की भाजीवाल्या बाईपासून कापडवाल्याच्या बायकोपर्यंत सगळ्या विचारायच्या, "आता भागते ना व?" मी विलासला म्हटलं, त्यांना सांग, निदान मला विचारून तरी बोलायचं. त्याने तुम्हाला सांगितलं. तुमचं उत्तर घेऊन तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

"ते म्हणतात, तिले कसं इचारू?"

म्हणजे सुनेला एक गोष्ट विचारण्यापेक्षा अख्ख्या गावाला विचारणं तुम्हाला सोपं गेलं. यावर आपलं भांडण आयुष्यभर मिटलं नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे, मला विचारायला हवं होतं. तुम्ही असतात तर आजही दुकानाच्या बरण्यांकडे बघून म्हणाला असतात, "कसं इचारू?" मग मी जोरात भांडी आपटली असती आणि तो विषय पुढच्या खेपेपर्यंत तिथेच राहिला असता.

अळिवाची खीर जमली. पहिल्या दिवशी लापशीसारखी, दुसऱ्या दिवशी बरी, तिसऱ्या दिवशी मी वाटी चाटून पुसून बाहेर ठेवली. पण कमलाबाईंनी सांगितलं होतं, डिंकाचे लाडू हवेत. खीर औषधाच्या नावाखाली खपून गेली होती. डिंक तुपात तळावा लागतो आणि सुतकात घरात कढई चढत नाही. तळणाचा वास काही लपत नाही. तूप तापलं तशा मोठ्या आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अरे, वहिनीची तेरवी नाई झाली अजून, अन तू कढई चढवून राह्यला?"

तुम्ही वर पाहिलं नाही.

"लोकं काय म्हणतीन?"

"तिनंच सांगतलं होतं," तुम्ही म्हणालात.

"कवा?"

"सांगतलं होतं."

मोठ्या आत्या दारातूनच मागे फिरल्या. गेलेल्या बाईची इच्छा, तिच्यापुढे कोण बोलणार? तुम्ही झारा हलवत होतात, पण लक्ष कढईत नव्हतं. करपल्याचा वास आला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सुशीलाताई पांघरूण टाकून उठली. तुमच्या हातातून झारा घेत म्हणाली, "बाबा, आच कमी करा, जळून राह्यला." त्या दिवसापासून ती जेवायला लागली.

सासूबाई कशा गेल्या हे मला माहीत होतं, सुशीलाताईला माहीत होतं, गावाला माहीत होतं. त्या काही सांगून गेल्या नव्हत्या. तुम्हाला हे कधीतरी विचारावं असं अनेकदा मनात आलं. तुमच्या तोंडावर विचारायचं कसं, हे मात्र सुचलं नाही. बघा, मलाही तुमचीच सवय लागली.

पुढच्या खेपेला मुक्ताचं वजन भरलं. सिस्टर म्हणाल्या, पाहा, लावत राहिलीस ना. तुम्ही बाकावर बसून ऐकत होतात. घरी आल्यावर विलासला म्हणालात, "सिस्टरले खीर माहीत नाई म्हणून." झालं, दुसरं भांडण सुरू झालं. दुकानात कोणी पुडीला आलं की तुम्ही सांगायचे, आमच्या सूनबाईचा अनुभव हाये, अळिवाची खीर द्या. मी आतून ओरडायचे, आधी बाळाला लावायला सांगा. मुक्ता कळती झाल्यावर मध्येच विचारायची, "मी नेमकी कोणामुळं वाढली ते ठरवा ना एकदाचं."

खरं सांगू? मला बऱ्याच उशिरा एक गोष्ट लक्षात आली. त्या दिवसांत मला वेळेचं भान नव्हतं. पोर रडली तर घ्यायची, नाहीतर भिंतीकडे बघत पडून राहायचं. पण तुमचा ग्लास यायचा. सकाळी यायचा, जेवणाआधी यायचा, ऊन उतरलं की यायचा. ग्लास आला की मी उठून बसायचे, बसले की पोरीला घ्यायचे. शेपा काय करतो ते मला माहीत नाही. पण दर थोड्या वेळाने दारापाशी कोणीतरी खाकरतं आणि आपल्यासाठी काहीतरी ठेवून जातं, याने मी उठून बसत होते एवढं नक्की. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, म्हणजे खीरच ना. म्हणून सांगितलं नाही.

त्यानंतर दुकानात तुम्ही पुड्या वेगळ्या बांधायला लागलात. धुरीच्या पुडीला लाल दोरा, पोटात घ्यायच्या पुडीला पांढरा. नेणारा पुरुष असला तर त्याला थांबवून समजावायचे. "लाल जाळाचा, पांढरा पोटाचा. ध्यानात ठेवजो. नाई तं रोहण्याच्या एका माणसानं सगळंच उकळून बायकोले पाजलं होतं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आत पोळ्या करत होते आणि माझी पोळी तव्यावर जळली. स्वतःचा पराक्रम तुम्ही माझ्या माहेरच्या माथी मारत होतात. मी विलासकडून निरोप धाडला की रोहण्याचे लोक एवढे येडे नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकालाही तुम्ही रोहण्याचाच माणूस सांगितलात. फक्त आवाज जरा चढवून, मला ऐकू जाईल असा. त्या माणसाला तुम्ही हळूहळू मिशा दिल्या, सायकल दिली आणि शेवटी शेवटी एक भांडखोर बायकोही दिली. ती कोण, हे मला सांगायची गरज नव्हती.

आणि आता मुक्ता बाळंतपणाला आली. तुमचे हात थरथरायचे, पण शेपा तुम्हीच निवडलात. दोरेही तुम्हीच बांधलेत. नातीच्या दाराबाहेर तेच स्टूल, तोच ग्लास. फरक एवढाच की मुक्ता माझ्यासारखी नाही. "भागते का?" म्हटलं की आतून खणखणीत उत्तर द्यायची, "भागते, आजोबा! अजून एक ग्लास आणा." पहिल्यांदा तुम्ही इतके दचकलात की चहा सांडला. मग तुम्हाला त्याची गोडी लागली. नको तेव्हाही जाऊन विचारायला लागलात.

गेलात त्या सकाळीही विचारलंत. तिने उत्तर दिलं. ते ऐकून तुम्ही हसत येऊन खुर्चीत बसलात आणि मला म्हणालात, "सूनबाई, अळीव भिजू घाल." थेट मला, मध्ये विलास नाही. मी अळीव भिजत घालून आले तोवर तुम्ही गेला होतात.

त्यानंतर मुक्ताचं दूध आटल्यासारखं झालं. ती रडत होती, खात नव्हती, बाळाला घेऊन बसायची आणि बाळ तोंड सोडून किंचाळायचं. मी तेच जुनं तिला सांगत होते, लावत राहा. सांगताना माझ्या लक्षात येत होतं की दाराबाहेर खाकरणारं आता कोणी नाही. तुम्ही डबा भरून डिंक, खारीक, गोडंबी आणून ठेवलं होतं, पुढच्या आठवड्यात लाडू करायचे म्हणून. तो डबा फळीवर तसाच होता. मी तो खाली काढला, कढई चढवली, तूप घातलं.

सुशीलाताई वडनेरच्या सासरहून आली होती. आता तीही मोठ्या आत्यांच्या वयाची झाली आणि त्यांच्यासारखीच कडक झाली. ती दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, बाबाचं सुतक हाये. कढई काऊन चढवली?"

मी डिंकाचे खडे तुपात सोडले. तुम्ही मला असं काही सांगून गेला नव्हतात. अळीव भिजव म्हणालात, तेवढंच.

"मामाजीनंच सांगतलं होतं," मी म्हणाले.

"कवा?"

"सांगतलं होतं."

ताई माझ्याकडे बघत राहिली. किती वर्षांमागचं हे बोलणं तिने पांघरुणाखाली पडून ऐकलं होतं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मग ती पुढे आली, माझ्या हातातून झारा घेतला आणि म्हणाली, "आच कमी कर, जळून राह्यला." थोड्या वेळाने म्हणाली, "गोडंबी जास्त टाकजो. बाबाले आवडत होती." आम्ही दोघींनी लाडू वळले. दोघींच्या डोळ्यांतलं पाणी परातीत पडलं असेल तर मुक्ताने ते खाल्लं.

संध्याकाळी ताईनेच चहा केला. लाडवाची ताटली आणि ग्लास स्टुलावर ठेवला. परत फिरली, थबकली, आणि तुमच्यासारखंच खाकरली.

"मुक्ते, पोट्टीचं भागते का?"

आतून ती दिवसभराची किंचाळी येत नव्हती. मुक्ता हळूच म्हणाली, "भागते, आत्या. आत्ताच पिऊन झोपली."

तेव्हापासून मी आणि ताई पाळीपाळीने ग्लास नेतो. आज सकाळी ताईही गेली, जाताना दोऱ्याची लाल आणि पांढरी रिळं विलासच्या पुढ्यात ठेवून गेली. मघाशी दुकानात कोणी पुडीला आलं होतं. मग विलासचा आवाज आला, लाल जाळाचा, पांढरा पोटाचा, रोहण्याचा एक माणूस होता. मी आतून काहीच म्हटलं नाही.

शेपा निवडून झाला, मामाजी. काड्या राहिल्याच असतील. आता उठते, चहा ठेवते. तुम्ही त्या चौकटीला रोज विचारायचे आणि मी पडद्याआड लाजून गप्प बसायचे, रिकामा ग्लास तेवढा बाहेर ठेवायचे. इतक्या वर्षांत तोंडाने उत्तर दिलंच नाही.

भागलं, मामाजी. तेव्हाही भागलं होतं.